पालथं ताट

१

नांदुऱ्याच्या त्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले आणि ते किती दिवस टेकणार, हे कोकिळाबाई समोरच्या दोरीकडे नुसतं बघून सांगत. धोतरं वाळत असली तर मुक्काम लांबणार, एकटा पंचा असला तर उद्याच्या गाडीने जाणार, आणि काहीच वाळत नसलं तर भांडून गेले. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाण्याच्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय त्या चुलीत घालत नसत. बाई मायाळू. ज्याची चौकशी केली त्याच्या घरी संध्याकाळी वाटीभर काहीतरी पोचतं व्हायचंच, म्हणून त्यांच्या चौकशीचा कोणाला राग येत नसे.

एवढ्या वर्षांत एकच खोली त्यांच्या नजरेतून सुटली होती. शेजारच्या वामनरावांची मागची खोली.

वामनराव सरकी-ढेपवाले, गुरांचा खुराक विकणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पुढे दुकान, मध्ये राहायची जागा आणि मागे माल ठेवायची खोली. जाड मातीच्या भिंती, वर एक झरोका आणि सरकीची पोती. एवढा माल असून उंदीर नाही, कारण तिथे मुनीम होता. मुनीम म्हणजे धामण, चांगली पुरुषभर लांबीची. वामनरावांनी पिल्लू असताना आणून वाढवलेली. "माहा मुनीम मागं बसते," ते गिऱ्हाइकाला सांगत, "पगार मांगत नाई अन् रजा घेत नाई."

वैशाखात एका सकाळी वामनराव स्वतःच किल्ली घेऊन ओसरीत आले. भिंतीला हात लावत लावत आले.

"वैनी, मोतीबिंदू पिकला म्हंते डॉक्टर. बुलढाण्याले शिबीर हाय. पट्टी सुटेपावतर तिकडंच राहा लागते. अन् हा नेमका आताच कातीवर आला."

"कोन कातीवर आला, भाऊजी?"

"मुनीम."

कोकिळाबाईंनी हातातलं सूप तिथेच ठेवलं आणि किल्लीआधी स्वतःच पुढे निघाल्या.

२

मुनीम एका पसरट खोक्यात ओल्या पोत्याखाली पडला होता. अंगाचा रंग राखेसारखा झालेला. आणि डोळे असे, की कोणी त्यांत ताकाचा थेंब सोडला असावा.

"दिसत नाई त्याले," वामनराव म्हणाले. "दोघाले बी एकाच टायमाले दिसेनासं झालं. त्याले डॉक्टर लागत नाई, एवढाच फरक."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पोतं दोन्ही वेळा ओलं करायचं. परातीत पाणी ठेवायचं. खोक्याजवळ खरबरीत वीट आहे, ती हलवायची नाही. तिच्यावर तोंड घासून तो कात सोडवतो. त्याला हात लावायचा नाही, उचलायचा नाही. कात अर्धवट फाटली तर डोळ्यांवरची तशीच राहते आणि जनावर कायमचं आंधळं होतं.

"खायले काय देऊ?"

"काईच नाई. कातीवर असला की तो खात नाई. आधी डोळे साफ होतात, मंग कात पडते. त्याच्यानंतर एखांदा उंदीर सोडा पिंजऱ्यातला."

"अन् दूध?"

"साप दूध पीत नाई, वैनी."

"नागपंचमीले तं..."

"नाई पीत." वामनराव हसले. मग हसू ओसरलं. "अजून एक. या खोलीत अन्न नका आनू. कोनाचंच."

"मुंग्या होतात. कळते मले."

खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे वामनरावांनी मान वळवली, दिसत नसूनही. तिथे भिंतीच्या बुडाशी तांब्याच्या तोंडाएवढं एक बीळ होतं.

"त्याले जपा," ते म्हणाले. "तो हाय म्हनून मी या घरात राहू शकतो."

कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकट्या माणसाला जीव लावायला काय, सापही पुरतो, असं त्यांना वाटलं. "तुमी निवांत जा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगाले ओरखडा नाई पडनार."

३

पहिले काही दिवस मजेत गेले. मुनीम कसा आहे, हे विचारायला गल्लीतल्या बाया ओसरीत येत आणि कोकिळाबाई एखाद्या बाळंतिणीची खबर द्यावी तशी खबर देत. "आज जरा सुस्त हाय. पानी पेला वाटते."

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली. मुनीमाचं तोंड कायम त्या बिळाकडे असे. पोतं ओलं करताना खोकं जरा फिरलं, तरी संध्याकाळी बघावं तर डोळ्यांत ताक साचलेला तो साप वळून पुन्हा तिकडेच बघत असे.

बाहेर ऊन असं, की दुपारी ओट्यावर हात टेकवत नव्हता. आणि ती खोली मात्र रांजणासारखी गार. मग कोकिळाबाईंनी काय केलं, तर जेवणाचं ताट घेऊन तिथेच बसायला सुरुवात केली. वामनरावांनी सांगितलेलं विसरल्या नव्हत्या. पण सांडलेलं सगळं आपण पुसूनच जाणार आहोत, मुंगीला कण मिळणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ताटात भाकर होती, वांग्याचं भरीत होतं, कांदा होता. दोन घास झाले असतील, तेवढ्यात पोत्यांमागून कोणी गेल्यासारखी सरकी खसखसली. कोकिळाबाईंच्या तोंडून सवयीने गेलं, "या जेवाले."

तिकडची ही रीतच आहे. आपण जेवत असताना जवळून कोणी गेलं की बोलवायचं, आणि जाणाऱ्याने "होऊ द्या" म्हणून पुढे जायचं. बोलावणाराही मनापासून बोलावत नाही आणि जाणाराही बसत नाही. पण न बोलावणं म्हणजे माणूसघाणेपणा.

"होऊ द्या" असं कोणी म्हणालं नाही.

आपण सापाला जेवायला बोलावलं, म्हणून कोकिळाबाईंना हसू आलं. तेवढ्यात समोरच्या सोजराबाईंनी रस्त्यावरून हाक मारली, "कोकिळाबाई, दूध उतू चाललं तुमचं," आणि त्या ताट तसंच टाकून कुलूप लावून धावल्या.

संध्याकाळी दिवाबत्तीला आल्या तेव्हा ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही. लख्ख होतं, आणि भिंतीशी नीट पालथं घातलेलं होतं.

४

"सोजराबाई, माहं ताट तुमी धुतलं काय?"

"मी माही भांडी धुवाले मोलकरीन पाहून राह्यली, तुमची कायले धुवू?"

म्हणजे ती नव्हे. किल्ली तर दिवसभर कोकिळाबाईंच्या कमरेला. रात्री त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं. हिंमतराव कापसाच्या जिनात काट्यावर होते. जगातली कुठलीही गोष्ट तोलून झाल्याशिवाय खरी मानायची नाही, असा त्यांचा स्वभाव.

"तूच धुतलं असंन अन् विसरली असंन."

"मी दूध उतू गेलं म्हनून पळाली होती."

"मंग भूत असंन. पन चांगल्या घरचं हाय व. जेवलं की ताट धुते." ते कुशीवर वळले. "त्याले म्हन, आमच्या इथं बी येत जाय. माह्या बायकोले हातभार होईन."

कोकिळाबाईही हसल्या. पण चौकशी अपुरी राहिली की त्यांना झोप लागत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम ताट वाढून ठेवलं. भाकर त्या नव्या हायब्रीड ज्वारीची, जी गल्लीत कोणालाच गोड लागत नव्हती. निघता निघता "या जेवाले" म्हटलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

संध्याकाळी भाजी संपली होती. हायब्रीडची भाकर तशीच बाजूला काढून ठेवलेली होती.

हे त्यांना फारच पटलं. "चव कळते बरं," त्या मुनीमाला म्हणाल्या. पुढच्या दिवशी गावरान ज्वारीची भाकर, वर लोण्याचा गोळा. त्याच्या पुढच्या दिवशी कढी. नवऱ्याने इतक्या वर्षांत कधी ताट इतकं निपटून खाल्लं नव्हतं. आपल्या स्वयंपाकाला अशी दाद देणारं जे कोणी असेल, ते वाईट कसं असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. वामनरावांचं "अन्न नका आनू" त्यांना आठवत होतं. पण कोण जेवतंय हे कळल्यावर थांबू, उद्यापासून नाहीच न्यायचं, असं त्या रोज ठरवत.

५

एके दिवशी त्या जरा लवकर आल्या. पालथं ताट उचललं, आणि बोटं चिकटली.

कोकिळाबाईंनी परातीकडे पाहिलं. पाणी सकाळी भरलं होतं तेवढंच होतं. खोलीत दुसरं पाणी नव्हतं. त्यांनी ताट झरोक्याच्या उजेडात तिरपं धरलं. पितळेवर रुंद, ओले पट्टे होते, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. एकाशेजारी एक, नीट.

ताट कधी धुतलं जातच नव्हतं. ते चाटलं जात होतं.

त्यांनी ते पदराने पुसायला सुरुवात केली आणि थांबल्या. पदर नको. आणि मग दुसरं लक्षात आलं. पहिल्या दिवशी ताट भिंतीशी होतं. मग पोत्यांपाशी. काल विटेच्या अलीकडे. आज खोक्याला टेकलेलं होतं. खोक्यात मुनीम पलीकडच्या फळीला असा दाबून बसला होता, जसा गर्दीच्या यष्टीत माणूस खिडकीला चिकटतो.

आणि इतके दिवस अन्न सांडूनही खोलीत एक मुंगी नव्हती.

कोकिळाबाई घरी आल्या, पाणी प्यायल्या, आणि चौथीपर्यंतची सगळी बुद्धी एकवटून विचाराला बसल्या. मांजर असेल. पण मांजर ताट पालथं घालत नाही. घूस असेल. घूस हायब्रीड ओळखत नाही. बरं, जे काय असेल ते असो, उद्यापासून अन्न नेणं बंद. विषय संपला.

पण विषय संपेना. अन्न बंद केलं, तर ते उपाशी राहील. आणि त्या खोलीत मग खाण्यासारखं एकच उरतं, ज्याला दिसत नाही आणि पळता येत नाही.

रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मुनीमाले आपल्या घरी आनू काय?"

"आन. मी जिनात झोपाले जातो."

"खोकं उचलून हळूच..."

"वामनरावानं हलवू नको म्हटलं ना? कात फाटली, डोळे गेले, तं काय तोंड दाखवशीन त्याले?"

हे खरं होतं. वामनराव तिकडे डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते, आणि त्यांनी आपल्याला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती. कोकिळाबाईंनी अंधारात नाक पुसलं. मग सकाळी उठून दोन भाकरी जास्त थापल्या. त्या दिवसापासून त्या ताट दारातच, खोक्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब ठेवत. "या जेवाले" मात्र म्हणत नव्हत्या. न म्हणताही ताट रिकामं होत होतं.

"बारीक झाल्या व तुमी," सोजराबाई म्हणाल्या. "सापाचं बाळंतपन जड जाऊन राह्यलं वाटते."

"होईन मोकळा एकदोन दिवसांत," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि दोघी खूप हसल्या. कोकिळाबाईंचं हसू जरा जास्त वेळ चाललं.

६

डोळे साफ झाले. एका सकाळी पोतं उचललं तर मुनीमाने त्यांच्याकडे पाहिलं, चक्क पाहिलं, काळ्याभोर गोल डोळ्यांनी. कोकिळाबाईंना एवढा आनंद झाला, की त्यांनी साखर वाटली असती. आता फक्त कात पडायची राहिली होती. सापाला दिसू लागलं तरी अंगात जोर नव्हता. नुसता पडून वाट बघत होता.

त्या दुपारी ताट ठेवून त्या गेल्या नाहीत. दाराच्या कडीला धरून उभ्या राहिल्या. ताटात कढी होती आणि भाकरीचा काला होता. मुनीम विटेवर जबडा घासत होता, आणि ओठांशी सुटलेली कात मागे उलटत होती, पायातला मोजा उलटा निघावा तशी.

झरोक्यातून उन्हाचा एकच पट्टा येत होता. तो ताटावरून समोरच्या भिंतीवर पडला होता. भिंतीवर ताटाची सावली, लांबुळकी.

सरकी खसखसली.

कोकिळाबाईंनी ताटाकडे पाहिलं नाही. पाहायचं होतं, सगळा जन्म पाहण्यातच गेला होता, पण मान वळली नाही. त्यांना दिसली ती भिंतीवरची सावली. तळाशी राहिलेली कढी प्यायला आपण ताट दोन्ही बाजूंनी उचलतो आणि तोंडाला लावतो, तसं ते ताट भिंतीवर हळूहळू वर गेलं. ताटाखाली सावलीला एक हनुवटी होती. ती गिळत होती.

मग काहीतरी त्यांच्या पावलावरून गेलं, गार आणि वेगाने. मुनीम अर्धा नवा होता, चकचकीत. अर्ध्या अंगावर जुनी कात फरफटत होती. त्याने उन्हाचा पट्टा ओलांडला. ताट पडलं आणि काठावर गरगर फिरत राहिलं. बिळातून मातीचा एक लोट आला आणि पाठोपाठ असा आवाज, की ठसका लागलेला माणूस लुगड्याचा बोळा तोंडात कोंबून खोकतोय.

कोकिळाबाई रस्त्यावर आल्या तेव्हा हिंमतराव जेवायला घरी येत होते. त्यांना काही न सांगता हाताला धरूनच आत नेलं.

खोली शांत होती. बिळाच्या तोंडाशी अख्खी कात पडली होती, डोळ्यांवरच्या दोन बारीक चकत्यांसकट. मुनीम खोक्यात वेटोळं करून, नव्या पितळी भांड्यासारखा झळकत होता. पोट जरा फुगलं होतं. सांडलेल्या कढीला मुंग्या लागल्या होत्या, शेकड्यांनी.

"मुंग्या," कोकिळाबाई म्हणाल्या आणि वाकून पाहू लागल्या. "किती छान मुंग्या हायेत."

हिंमतरावांनी बायकोच्या कपाळाला हात लावून पाहिला.

७

वामनराव जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले. आल्या आल्या त्यांनी कोकिळाबाईंच्या ओसरीतलं कोळ्याचं जाळं दाखवलं. "वैनी, हे इतके वर्षं होतं काय?" आणि गल्ली हसली.

मागच्या खोलीत त्यांनी कात उचलून उन्हात धरली. मुनीमाच्या अंगावरून हात फिरवला. मग विचारलं, "अन्न नाई ना नेलं?"

"नाई बाप्पा," कोकिळाबाई म्हणाल्या.

वामनरावांनी त्या भिंगांतून जरा जास्त वेळ पाहिलं. मग कातीचा तुकडा तोडून दिला. "पेटीत ठेवा. बरकत राहते."

थोड्याच दिवसांनी मुनीम नाहीसा झाला. वामनरावांनी सगळी पोती हलवली. सापडला तो कोकिळाबाईंच्या स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यामागे, तोंड कोपऱ्याकडे करून. चुलीमागच्या त्या कोपऱ्यात माती उकरल्यासारखी दिसत होती. कोकिळाबाईंना ती उंदराची वाटली होती.

हिंमतराव ओसरीवरून ओरडत होते. वामनराव आत येऊन कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.

"घेऊन जा, भाऊजी," कोकिळाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"नाई. राहू द्या इथंच." ते अगदी हळू बोलले. "माह्या घरी आता त्याचं काम नाई. मले रात्री झोप लागून राह्यली, वैनी. किती वर्षांनी."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा कोकिळाबाईंनीही काही विचारलं नाही.

पावसाळा आनंदात गेला. मुनीम घरचाच झाला. हिंमतराव आधी जिनात झोपायला गेले, मग ओसरीत आले, मग घरात, आणि श्रावणात तर "आज मुनीम दिसला नाई" म्हणून स्वतःच डबे सरकवून पाहू लागले. उंदीर संपले. सोजराबाई म्हणत, "तुमच्या घरी मानसं दोन अन् नोकर एक, मजा हाय." कोकिळाबाईंनी घराला एक नियम लावून दिला होता: जेवायचं ते ओसरीत, स्वयंपाकघरात कोणी ताट घेऊन बसायचं नाही. का, ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हिंमतराव आयुष्यभर हसले असते.

दसऱ्याच्या आधी एक दिवस अवेळी सर आली आणि ओसरी भिजली. कोकिळाबाई अंगणातल्या गोवऱ्या झाकायला धावल्या. त्या ओल्या पदराने आत आल्या तेव्हा हिंमतराव चुलीपाशी ताट घेऊन, कोपऱ्याकडे पाठ करून मजेत जेवत होते.

"इथं काऊन बसले?"

"भाहेर काय पोहत जेवू?"

कोकिळाबाईंची नजर डाळीच्या डब्यामागे गेली. मुनीम तिथेच होता, तोंड कोपऱ्याकडे. अंग राखेसारखं. डोळ्यांत ताकाचे दोन थेंब.

"ताट उचला," त्या म्हणाल्या. "भाहेर चाला. आधी उठा तुमी."

"जेवू तं दे व."

तेवढ्यात हिंमतरावांच्या पाठीमागे कोणी गेल्यासारखी माती खसखसली. सोजराबाई मागच्या दाराने आल्या असतील, असं त्यांना वाटलं असावं. मान न वळवता, तोंडात घास तसाच ठेवून, चांगल्या घरच्या माणसासारखे ते म्हणाले,

"या जेवाले."

दोघंही थांबली. पाऊस पडत होता. "होऊ द्या" असं कोणी म्हणेल म्हणून कोकिळाबाई कान लावून उभ्या होत्या.

कोणी म्हणालं नाही. मांडणीवर सकाळी धुऊन पालथं घातलेलं त्यांचं ताट होतं. ते हळूच सुलटं होऊन वाढून घ्यायला बसलं.